गाडीवरची 'जाळी' नेमकी कशाची असते? मशीन पॉलिश करण्याआधी हे वाचून घ्या

दसरा जवळ आला की वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. वर्धा जिल्ह्यातलं सेलूही त्याला अपवाद नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची म्हणजे ती चमकली पाहिजे. गाडी धुतली जाते, पुसली जाते, झेंडूचा हार चढतो. मग संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतायत. सकाळी तर काहीच नव्हतं!

रेघा सकाळीही होत्या. त्या दिसण्यासाठी एकाच ठिकाणाहून येणारा तीव्र प्रकाश लागतो, एवढंच.

या रेघांना गाड्यांच्या धंद्यात 'स्वर्ल मार्क' म्हणतात. त्यांच्या जोडीला रंगावर एक पांढुरका, धुरकट थर येतो. दोन्हीवर उपाय म्हणून मशीनने पॉलिश केलं जातं. गावाकडे त्यालाच 'रबिंग' किंवा 'बफिंग' असं नाव आहे. या कामाने गाडी खरंच नव्यासारखी दिसू शकते. पण दरवेळी गाडीचा रंग थोडा थोडा कमी होतो आणि तो परत भरून येत नाही. म्हणून यात नक्की काय होतं, ते गाडीमालकाला ठाऊक असलेलं बरं.

रंग म्हणजे किती जाड थर?

आजच्या गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक दिसते ती या वरच्या क्लिअर कोटची. ऊन, पाऊस आणि धूळही तोच झेलतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सगळा रंग एक-दीड कागदाएवढा. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे कागदाच्या अर्ध्याहून फार जास्त नाही.

पॉलिशचं सगळं काम या अर्ध्या कागदात चालतं.

रेघा गोल का दिसतात?

घरातलं स्टीलचं ताट तारेच्या घासणीने घासून बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल रेघांचं कडं दिसेल. ताट हलवलं की ते कडंही सोबत हलेल. याचा अर्थ ताटावर खरं गोल काही कोरलेलं नाही. सगळ्या दिशांना गेलेले हजारो बारीक ओरखडे आहेत, आणि त्यातले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात तेवढेच चमकतात. आपल्या डोळ्याला त्यांचं वर्तुळ झाल्यासारखं दिसतं.

गाडीच्या बोनेटवरही हेच घडतं. काळ्या, गडद निळ्या आणि मरून गाडीवर जाळी लगेच डोळ्यात भरते. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ती असते, पण लपते.

हे ओरखडे येतात कुठून?

बहुतेक वेळा ते गाडी पुसणाऱ्याच्या हातून येतात.

रस्त्याच्या धुळीत सिलिकाचे, म्हणजे वाळूचे बारीक कण असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर वाळूतला क्वार्ट्झ ७ वर येतो. घरातल्या चाकूचं स्टील त्याच्या खाली, साधारण साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट तर प्लास्टिकच्या जातीचा. धुळीने माखलेल्या बोनेटवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच आहे.

विदर्भात गळ्यात दुपट्टा असतोच. काच पुसता पुसता तोच बोनेटवरही फिरतो. दुपट्टा मऊ असला तरी त्यात अडकलेला कण मऊ नसतो. वॉशिंग सेंटरवर एकाच बादलीत बुडवलेला स्पंज आधी टायरवर आणि मग दारावर फिरला, तर तेच होतं.

सेलूच्या परिसरात याला आणखी काही कारणांची जोड मिळते. बोर धरण आणि बोर व्याघ्र प्रकल्प याच तालुक्यात आहेत. तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर धूळ बसते आणि झुडपांच्या फांद्या दारांना घासतात. कापूस, सोयाबीनच्या हंगामात शेतरस्त्यांवरून गाड्या रोज जातात. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने जाताना बंपरवर आणि बोनेटच्या पुढच्या भागावर किडे चिकटतात, बारीक खडे लागतात. केळझरच्या सिद्धिविनायकाच्या दारात नव्या गाडीची पूजा झाली आणि हार बांधायची तार बोनेटला घासली, की पहिल्याच दिवशी पहिला ओरखडा पडतो.

मग धुरकटपणा कशाचा?

धुरकटपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं कारण बारीक ओरखड्यांची दाटी. ओरखडे इतके झाले की प्रकाश सरळ परतण्याऐवजी सगळीकडे विखुरतो आणि रंग फिका वाटतो. हे पॉलिशने जातं.

दुसरं कारण बोअरवेलचं जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्यावर पाणी मारलं की ते क्षणात सुकतं आणि क्षाराचे पांढरे ठिपके मागे राहतात. ताजे ठिपके पाण्यात मिसळलेल्या सौम्य व्हिनेगरने पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुतले तर निघतात. ते क्लिअर कोटमध्ये रुतले असतील तर मात्र पॉलिश लागतं.

तिसरं कारण जुन्या पद्धतीचा रंग. जुन्या अॅम्बेसेडर आणि पद्मिनीवर वेगळा क्लिअर कोट नसायचा. असा रंग उन्हाने वरून खडूसारखा होतो, बोट फिरवलं तर बोटाला रंग लागतो. तो पॉलिशने सुंदर निघतो. मात्र पॅडवर गाडीचा रंग उतरलेला दिसला तर घाबरू नये, या रंगात तसं होतंच.

चौथं कारण सगळ्यात वाईट. टपावर किंवा बोनेटवर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागलेले असतात, उन्हाने सोललेल्या कातडीसारखे. इथे कोणतंही पॉलिश उपयोगाचं नाही. तो भाग नव्याने रंगवावाच लागतो. पॉलिश करून हे बरं होईल असं कुणी सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

मशीन नेमकं काय करतं?

पॉलिश ओरखडा 'भरत' नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट इतका घासला जातो की पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली येतो. शेतातला छोटा खड्डा बुजवायला बाहेरून माती न आणता आजूबाजूचं अख्खं शेतच तेवढं खाली घ्यावं, तसा हा प्रकार.

हे घासण्याचं काम कंपाउंड किंवा पॉलिशमधले बारीक कण करतात. बहुतेक वेळा ते अॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. कंपाउंड जास्त कापतं, पॉलिश कमी कापतं आणि चमक आणतं. पॅडही तसेच: लोकरीचा पॅड सगळ्यात जास्त कापतो, फोमचे पॅड कडक ते मऊ अशा क्रमाने येतात. पॅडच्या रंगावरून अंदाज बांधू नये, कारण प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशोब वेगळा असतो.

मशीन मुख्यतः दोन प्रकारची असतात.

रोटरी: पॅड एकाच दिशेने गोल फिरतो. काम पटकन होतं, पण उष्णताही पटकन तयार होते. एका जागी दोन-चार सेकंद जास्त थांबलं तरी रंग जळू शकतो. नवशिक्या हातात हे मशीन उन्हात लहरणाऱ्या होलोग्रामसारख्या रेघा मागे सोडतं. म्हणजे जाळी गेली आणि पट्टे आले.

ड्युअल अॅक्शन, म्हणजे डीए: यात पॅड फिरतो आणि सोबत डोलतोही. वेळ जास्त लागतो, पण चूक सहन करण्याची त्याची तयारी जास्त असते. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने हेच घ्यावं.

भिंत आणि लोखंड घासायच्या ग्राइंडरला पॅड लावून गाडीवर फिरवण्याचा प्रकारही दिसतो. त्याचा वेग या कामासाठी फारच जास्त असतो. ते गाडीपासून लांबच ठेवलेलं बरं.

हिशोब मायक्रॉनचा

हलक्या पॉलिशमध्ये साधारण एखादा मायक्रॉन क्लिअर कोट जातो. कंपाउंड आणि पॉलिश असं दोन पायऱ्यांचं काम केलं तर काही मायक्रॉन जातात. या धंद्यातले जाणकार गाडीच्या अख्ख्या आयुष्यात साधारण ७-८ मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये असं मानतात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवायला वरचा थर पुरेसा जाड राहिला पाहिजे.

आता समजा, एखादा गाडीमालक दर दिवाळीला रबिंग करून घेतो आणि दरवेळी दोन मायक्रॉन जातात. चार वर्षांत हिशोब संपला. पाचव्या-सहाव्या वर्षी विदर्भाच्या उन्हात टपावरचा क्लिअर कोट सुटू लागला, तर दोष उन्हाला दिला जातो. खरं तर त्यातला बराच वाटा दरवर्षीच्या चमकेचा असतो.

याच सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तिथले लाकडी नंदी दरवर्षी नव्याने रंगवून, सजवून मिरवता येतात. गाडीला कारखान्यातला रंग मात्र एकदाच मिळतो. बाहेर कितीही चांगलं रंगकाम झालं तरी विकताना 'ओरिजिनल पेंट आहे का?' हा प्रश्न विचारला जातोच.

काम सुरू करण्याआधी काय तपासायचं?

नखाची परीक्षा: ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. तो काढायच्या नादात क्लिअर कोट संपेल. कडा थोड्या मऊ करून सोडून द्यावा.

रंगाची जाडी: पेंट थिकनेस गेज नावाचं छोटं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं. एकट्या क्लिअर कोटची जाडी साधं गेज सांगत नाही. तीन दारं १२० च्या आसपास आणि एकच दार २५० दाखवत असेल तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. आकडा एकदम खूप वर गेला तर खाली पुट्टी आहे. आकडा ८०-९० च्या खाली असेल तर तिथे मशीन लावण्याआधी दहादा विचार करावा. प्लास्टिकच्या बंपरवर हे गेज चालत नाही. जुनी गाडी विकत घेतानाही हे यंत्र मोठ्या कामाचं आहे.

मॅट रंग: मॅट फिनिशच्या गाडीला पॉलिश कधीच करू नये. त्या जागी चमकदार डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही.

काम कसं होतं? पायरीपायरीने

१. धुणं. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एक शॅम्पूची आणि एक हात-मिट धुवायची. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको.

२. क्ले. धुतल्यावरही हात खरखरीत लागत असेल तर रंगात लोखंडाचे कण, डांबर किंवा झाडाचा चीक अडकलेला असतो. जपानमधून आलेली क्ले बार नावाची मऊ वडी भरपूर ओलावा ठेवून फिरवली की हे कण निघतात. वडी खाली पडली तर ती फेकूनच द्यायची.

३. झाकणं. काळं प्लास्टिक, रबर आणि बॉडीच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकायच्या. कडांवर रंग आधीच पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो. जळलेल्या रंगाच्या बहुतेक तक्रारी कडांवरच्याच असतात.

४. चाचणीची जागा. बोनेटचा दीड-दोन फुटांचा चौकोन निवडायचा. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने सुरुवात करायची. जाळी गेली तर अख्ख्या गाडीला तेच. नाही गेली तरच एक पायरी वर जायचं. सगळ्यात जोरदार कंपाउंडने सुरुवात करणं ही इथली सगळ्यात महागडी चूक.

५. फिरवणं. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असताना ते पसरवायचे, मग कमी वेगाने सुरू करायचं. हात सावकाश चालवायचा, सेकंदाला इंचभर. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढली पाहिजे. आधी आडवं, मग उभं, असे चार ते सहा फेरे. पत्रा हाताला चटका देत असेल तर थांबायचं.

६. पुसून खरं बघणं. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे झाकतं. पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग पुसायचा आणि टॉर्चच्या उजेडात बघायचं. आता जे दिसतं ते खरं.

हे सगळं सावलीत करायचं. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे, पत्रा गार असताना. उन्हात पॉलिश पॅडखालीच सुकतं आणि घासायला कोरडी पावडर उरते.

मशीन चालवणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावावा. वायर खांद्यावरून मागे घ्यावी, म्हणजे ती पॅडमध्ये अडकत नाही आणि दारालाही घासत नाही. धुतलेल्या ओल्या जागेवर विजेचं मशीन चालवू नये. प्लगला अर्थिंग आहे का, ते आधी बघावं. वॉशिंग सेंटरवर पोरं अनवाणी, ओल्या फरशीवर मशीन धरून उभी असतात. तिथे गाडीच्या रंगापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते.

फसवणूक कशी ओळखायची?

काही पॉलिश आणि ग्लेझमध्ये तेल, मेण आणि भरणारी द्रव्यं असतात. ती ओरखड्यात बसतात, गाडी त्या दिवशी आरशासारखी दिसते. तीन-चार धुण्यांत भरण वाहून जातं आणि जाळी परत येते. ग्राहकाला वाटतं, नवी जाळी पडली.

म्हणून गाडी ताब्यात घेताना एकच मागणी करावी: 'एक भाग अल्कोहोलने पुसून दाखवा.' काम खरं असेल तर समोरचा आनंदाने दाखवेल. काम सुरू होण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारावेत. रंगाची जाडी मोजणार का? आणि आधी छोट्या जागेवर चाचणी करून दाखवणार का?

दुसरा गैरसमज सिरॅमिक कोटिंगच्या '९ एच'चा. हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे, मोह्स मापातला नाही. ९ एच लिहिलेली गाडीही कोरड्या फडक्याने ओरखडते. कोटिंगने पाणी आणि घाण लवकर निसटते आणि धुणं सोपं होतं, एवढा फायदा खरा आहे. पण कोटिंग जाळीवर लावलं तर खालची जाळी तशीच राहते. आधी पॉलिश, मग कोटिंग असाच क्रम असतो.

घरगुती उपायांचंही तसंच. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, पण ते गाडीच्या रंगासाठी मोजून-मापून बनवलेले नसतात. डिझेल किंवा रॉकेलचं फडकं फिरवलं की गाडी तासभर चमकते. मग त्या तेलकटपणावर दुप्पट धूळ बसते आणि पुढच्या पुसण्यात तीच धूळ रंग घासते.

जाळी पुन्हा पडू नये म्हणून

- धुळीची गाडी कोरडी पुसू नका. वेळ नसेल तर तशीच राहू द्या. धुळीने गाडी खराब होत नाही, ती घासल्याने होते.
- धुताना वरून खाली या. टप आणि काचा आधी, चाकं शेवटी. चाकांचं फडकं वेगळं ठेवा.
- पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल वापरा. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय वापरू नका.
- पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी ओलं करून काढा. उन्हात त्याचा डाग रंगात उतरतो.
- पूजेच्या दिवशी हार तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधा. हळद-कुंकवाचं स्वस्तिक संध्याकाळी पाण्याने धुऊन काढा, कोरडं खरवडू नका.
- मेण किंवा सीलंट लावायला मशीन लागत नाही आणि त्यात रंगही घासला जात नाही. दसऱ्याला चमक हवी असेल तर बहुतेक गाड्यांना एवढं पुरतं.

जाळी हलकी असेल आणि ती फक्त पंपाच्या दिव्याखालीच दिसत असेल, तर काहीच न करणं हाही चांगला निर्णय आहे. गाडी विकायची आहे, रंग खूपच मेला आहे किंवा कोटिंग करायचं आहे, तेव्हा मशीन पॉलिश करावं. तेही एकदा, मोजून, सौम्य पॉलिशपासून सुरुवात करून. उरलेली सगळी वर्षं धुण्याच्या पद्धतीवर लक्ष ठेवलं तर बोनेटवरचा तो अर्धा कागद गाडीच्या आयुष्यभर पुरतो.